मोंबासातले पहिले चार दिवस: मिशन ट्रिपला निघालेल्या मंडळीसाठी

मंडळीचा गट केनियाला मिशन ट्रिपवर जायचा ठरला की सगळ्यांत आधी तयार होते ती कार्यक्रमपत्रिका. सोमवारी पोहोचायचं, मंगळवारी शाळेत मुलांची सभा, बुधवारी घरोघरी भेटी, गुरुवारी आरोग्य शिबिर. कागदावर सगळं व्यवस्थित असतं. मंगळवार उजाडतो तेव्हा दोघांचं पोट बिघडलेलं असतं, शिबिराची औषधं कस्टमने अडवलेली असतात आणि यजमान पाळक पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प असतात. म्हणून इथे फक्त पहिल्या चार दिवसांबद्दल लिहितोय, आणि तेही मोंबासा आणि आसपासच्या किनाऱ्यापुरतं. माझं मत आधीच सांगतो: या चार दिवसांत उपदेश, शिबिर, मैदानातली सभा, यांतलं काहीच ठेवू नये. पटत नसेल तरी पुढचे तपशील उपयोगी पडतील.

पहिला दिवस खरं तर दीड महिना आधी सुरू होतो. पिवळ्या तापाची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. गंमत अशी की हे पिवळं कार्ड खरं लागतं ते परतताना. केनियाहून आलेल्या माणसाकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. लस टाळावी लागली तर तसं वैद्यकीय पत्र जवळ हवं.

व्हिसाची जागा जानेवारी २०२४ पासून ‘ईटीए’ने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगीने, घेतली आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र एवढं तयार ठेवा. अर्ज शेवटच्या तीन दिवसांवर ढकलू नका. गटातल्या एकाचाच अर्ज अडकतो आणि मग सगळ्यांची तिकिटं लटकतात. पाहुणा म्हणून मंडळीला भेटणं वेगळं आणि तिथे राहून धार्मिक काम करणं वेगळं. काम करायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र परवाना असतो, थोड्या काळासाठी स्पेशल पास असतो, आणि तो यजमान संस्थेने आधी काढायचा असतो. डॉक्टर-नर्सनी भारतातल्या नोंदणीच्या जोरावर तिथे रुग्ण तपासू नयेत. परदेशी डॉक्टरला केनियाच्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो. औषधांचे खोके न्यायचे असतील तर तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची आयात-परवानगी हवी. दान म्हणून दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यापासून किमान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. घरोघरी उरलेल्या अर्धवट स्ट्रिप्स गोळा करून नेणं ही सेवा नव्हे.

जुने कपडेही नेऊ नका. तिथे ‘मितुंबा’ म्हणजे परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचा इतका मोठा बाजार आहे की तुमच्या तेवीस किलोंच्या बॅगेने कुणाचं काही भलं होणार नाही. प्लास्टिकच्या पिशव्या तर अजिबात नकोत. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड लाखो शिलिंगांचा आहे. आपल्याकडेही २०१८ पासून बंदी आहे म्हणा, पण तिथे ती पाळली जाते. चपला, ओले कपडे, फराळ, जे काही आपण सवयीने पिशवीत गुंडाळतो ते सगळं कापडी पिशव्यांत भरा. टाळ आणि खंजिरी नेणार असाल तर चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत टाळ सापडले की सुरक्षा तपासणीत वेळ जातो. स्वतःची रोजची औषधं मात्र हातातल्याच बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह.

पैशाबद्दल निघण्यापूर्वीची एक गोष्ट, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. मंडळीच्या न्यासाचा पैसा भारताबाहेर खर्च करायचा तर प्राप्तिकर कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, नाहीतर तेवढ्या रकमेवरची सवलत जाते. बऱ्याच पंच कमिट्यांच्या हे गावीही नसतं. सीएला विचारल्याशिवाय न्यासाच्या खात्यातून तिकिटं काढू नका. प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून खर्च केलेला बरा. रोख डॉलर प्रवासामागे माणशी तीन हजारांपर्यंत नेता येतात, पण तेवढे कशाला? नोटा नव्या मालिकेच्या, न चुरगळलेल्या, शाईचा डाग नसलेल्या घ्या. जुन्या नोटा तिथे एकतर घेत नाहीत किंवा कमी भावाने घेतात.

मुंबईहून नैरोबीचं थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचतं. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे. जून ते ऑगस्टमध्ये तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो, आणि मोंबासात त्याच दिवशी घामाच्या धारा. त्यामुळे स्वेटर सामानात वरच हवा. रात्री उशिरा उतरणार असाल तर त्याच रात्री पुढे जायचा हट्ट धरू नका, नैरोबीत झोपा. पुढे मोंबासाला विमानाने जाता येतं, पण गटासाठी २०१७ पासून सुरू असलेली मादाराका एक्स्प्रेस ही रेल्वे चांगली. ती सायोकिमाऊच्या नव्या टर्मिनसवरून सुटते आणि पाच-सहा तासांत पोहोचवते. तिकीट आधी काढलेलं हवं, पासपोर्ट जवळ हवा, आणि तासभर आधी स्टेशनवर हवं, कारण तिथे सामान जमिनीवर रांगेत मांडून श्वानपथकाकडून हुंगवतात. वाटेत त्सावोच्या अभयारण्यातून गाडी जाते, हत्ती दिसतात. मोंबासा शहर बेटावर आहे, पण स्टेशन बेटाबाहेर मिरिटिनीला आहे. यजमानांची गाडी तिथे येणार की शहरात, हे आधी नक्की करा.

सिमकार्ड पहिल्याच दिवशी घ्या. पासपोर्ट दाखवून सफारीकॉम किंवा एअरटेलचं मिळतं. व्यवहारासाठी गटात किमान दोघांकडे सफारीकॉम हवं, कारण २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसावर, म्हणजे सफारीकॉमच्या मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर, तो देश चालतो. भाजीवाली, बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाला, औषधाचं दुकान, चर्चचं अर्पण, सगळीकडे एम-पेसा. सिम घेतानाच एम-पेसाची नोंदणी करून पिन ठरवा. हिरव्या पाटीच्या एजंटकडे शिलिंग दिले की खात्यात जमा होतात. भरायला पैसे पडत नाहीत, काढायला पडतात. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं, ते वाचा. घाईत इथेच चूक होते. चुकीच्या नंबरला पैसे गेलेच तर व्यवहाराचा संदेश लगेच ४५६ वर पुढे पाठवायचा, म्हणजे रक्कम परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू होते. आणि ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत करा’ असा संदेश आला तर आधी आपली शिल्लक बघा. ही तिथली जुनी फसवणूक आहे.

प्लग आपला गोल तीन पिनांचा चालत नाही, चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा लागतो. दाब आपल्याएवढाच. गटाला एक मल्टिप्लग आणि दोन ॲडॅप्टर पुरतात.

आता वेळ. नवे गट सगळ्यांत जास्त इथेच फसतात. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. दुपारचे दोन म्हणजे आठवा. गणित सोपं आहे, सहाचा फरक. पण पाळकांनी इंग्रजीत बोलता बोलता ‘थ्री ओ’क्लॉक’ म्हटलं तर ते दुपारचे तीन की सकाळचे नऊ? शहरात बहुधा दुपारचे तीन, खेड्यात सांगता येत नाही. प्रत्येक वेळी ‘सकाळी की दुपारी, जेवणाआधी की नंतर’ असं विचारून घ्या आणि गटाच्या वहीत आपल्या पद्धतीने लिहा. ड्रायव्हरला तर नक्कीच विचारा.

मलेरियाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. मोंबासाचा किनारा मलेरियाचा, आणि तोही फाल्सिपेरम या घातक जातीचा, ज्यावर क्लोरोक्विन हे जुनं औषध चालत नाही. योहान क्राफ १८४४ मध्ये इथे पहिला प्रोटेस्टंट मिशनरी म्हणून आला. काही महिन्यांतच त्याची बायको रोझिना आणि नवजात मुलगी तापाने गेल्या. तेव्हा आजच्यासारख्या प्रतिबंधक गोळ्या नव्हत्या. आज त्या आहेत, आणि त्या न घेण्याला विश्वास म्हणू नये.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे. १०० मिलिग्रॅम रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. कुणी कुठली घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. लोक चुकतात ते परतल्यावर. घरी पोहोचले, बरं वाटतंय, गोळ्या बंद. ताप येतो तो मग इथे पुण्यात किंवा नगरला, आणि डॉक्टर आधी डेंग्यू शोधत बसतात. परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला तर पहिलं वाक्य ‘मी केनियाला गेलो होतो’ हेच हवं. तिथे असताना ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी. क्रोसिन घेऊन उद्यापर्यंत थांबायचं नाही.

मच्छरदाणीची कड गादीखाली खोचायची, नुसती लोंबती ठेवली तर उपयोग शून्य. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळे संध्याकाळच्या प्रार्थनेला बाहेर बसताना पायमोजे घाला. सनस्क्रीन आणि डास पळवणारं मलम दोन्ही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, वरून मलम.

पोटाचं म्हणाल तर पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. माणशी सहा तरी ओआरएसची पाकिटं न्या. एक मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ओतणारे बरेच असतात, त्याने जुलाब वाढतात.

जेवण आपल्या माणसाला जड जात नाही. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, माहारागे म्हणजे राजम्यासारखी उसळ, चपाती, नारळाच्या दुधातला भात. चहा दुधातच उकळलेला, गोड. जेवणाआधी घरातलं कुणीतरी तांब्याने हातावर पाणी घालतं, तेव्हा उठून बेसिन शोधू नका. गटात शाकाहारी कुणी असेल तर निघण्यापूर्वीच कळवा. ताटात कोंबडी वाढल्यावर सांगितलं तर यजमानीणबाईंनी ज्या कोंबडीवर खर्च केला तो वाया जातो आणि वर त्यांनाच ओशाळं वाटतं. घरी जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. तिथली रीत म्हणजे वाणसामान: दोन किलोचं मक्याच्या पिठाचं पाकीट, दोन किलो साखर, लिटरभर तेल. हे तिथल्याच दुकानातून घ्यायचं. भारतातून चहापत्ती नेणं म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखं आहे.

आता जरा अवघड विषय. गोऱ्या मिशनऱ्याला तिथे ‘म्झुंगू’ म्हणतात आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे लोकांना माहीत असतं. तुम्ही मात्र ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय. १८९६ ते १९०१ च्या रेल्वेच्या कामासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून आले, त्यांच्या आगेमागे व्यापारी आले. २०१७ मध्ये सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. पण सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर मुहिंदी म्हणजे दुकानदार, कारखानदार, मालक. त्या नात्यात कडूगोड बरंच साठलेलं आहे. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, तुम्ही ख्रिस्ती आहात यावर पटकन विश्वास बसत नाही. दुसरी, तुम्ही पहिल्याच दिवशी सूचना द्यायला लागलात की समोरच्याला मालकाचा आवाज ऐकू येतो. पहिले चार दिवस काम न ठेवण्यामागचं माझं मुख्य कारण हेच. खुर्च्या लावा, भांडी घासायला बसा, स्वयंपाकघरात भाजी चिरा. मुहिंदी पाहुणा पाटावर बसून सुकुमा चिरतो आहे ही बातमी तुमच्या साक्षीआधी मंडळीभर पोहोचते.

यासाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी फ्रिअरटाऊन या जुन्या मिशन वसाहतीत जाऊन यावं. बेटावरून न्याली पूल ओलांडला की उत्तरेच्या बाजूला केंगेलेनी चौकात जुनी घंटा आहे आणि जवळच इमॅन्युएल चर्च. हे ठिकाण नाशिकशी थेट बांधलेलं आहे. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूरला वाढवलं, शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम दिलं. पुढे त्यांच्यातले बरेच जण मोंबासाजवळच्या राबईला आणि १८७४-७५ नंतर फ्रिअरटाऊनला शिक्षक, कारागीर, सुवार्तिक म्हणून गेले. वसाहतीला नाव मिळालं ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं, आणि ती उभारणारे विल्यम प्राइस हे शरणपूरचेच. या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. त्यांतला जेकब वेनराइट १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनविधीला हजर होता. म्हणजे महाराष्ट्रातून या किनाऱ्यावर सेवेला आलेले आपण पहिले नाही, आणि जे आधी आले ते आफ्रिकनच होते. ओळख करून देताना ‘आम्ही भारतातून आलो’ यापेक्षा ‘आम्ही नाशिकच्या बाजूचे’ म्हटलेलं फ्रिअरटाऊनच्या जुन्या घरांत जास्त कळतं.

शहरात फिरताना लक्षात ठेवा की किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, मशिदीच्या आसपास पत्रकं वाटणं नाही, रमजानात रस्त्यावर दिवसा खाणं नाही. बेटावरून दक्षिणेला नेणाऱ्या लिकोनी फेरीबोटीवर फोटो काढायला मनाई आहे. पोलीस, विमानतळ, सरकारी इमारती यांचेही नकोत. २०२३ मध्ये याच किनारपट्टीवरच्या किलिफी परगण्यात, शाकाहोलाच्या जंगलात, एका पंथाच्या नादी लागून उपासमारीने गेलेल्यांचे चारशेहून जास्त मृतदेह सापडले. त्यानंतर अनोळखी उपदेशकांकडे सरकार आणि लोक दोघंही संशयाने बघतात, आणि ते योग्यच आहे. उपास-प्रार्थनेची शिकवण देणार असाल तर विषय आणि शब्द यजमान पाळकांना आधी दाखवा.

लहान मुलांचे फोटो हा वेगळा विषय. आईबापांना विचारल्याशिवाय नको, आणि अनाथाश्रमात जाऊन खाऊ वाटतानाचे तर नकोच. केनियाने २०२२ पासूनच्या धोरणात मुलांना संस्थांऐवजी कुटुंबात वाढवण्याची दिशा घेतली आहे. पाहुण्यांच्या रांगा लागतात म्हणून चालणारे आश्रम हा त्या धोरणापुढचा एक मोठा अडसर आहे.

पहिल्या रविवारी तुम्ही पाहुणे असता, वक्ते नव्हे. उपासना तीन तास चालेल असं धरून चाला, चारही होतात. ‘ब्वाना असिफिवे’ असं कुणी म्हटलं की ‘आमिना’ म्हणायचं. तो तिथला जय ख्रिस्त. म्हाताऱ्या माणसांना आदराने ‘शिकामो’ म्हणायचं. पाहुण्यांना उभं करून मंडळीला सलाम सांगायला लावतात, तेव्हा नाव, गाव, मंडळी आणि आभार एवढंच, एका मिनिटात. मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून स्वाहिली असा दुहेरी अनुवाद असेल तर चार मिनिटांचं बोलणं बारा मिनिटं घेतं. वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा, म्हणी आणि विनोद टाळा, वचनांचे संदर्भ दुभाष्याला आदल्या संध्याकाळी द्या. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं एखादं ठेक्याचं गाणं मात्र टाळांसकट जरूर म्हणा, त्याला अनुवाद लागत नाही.

अर्पणानंतर बऱ्याच मंडळ्यांत केळ्यांचा घड, अंडी, कोंबडी यांचा लिलाव होतो, आपल्याकडे कापणीच्या सणाला होतो तसा. बोली लावा, पण बाजारभावाच्या दहापट लावून शेवटपर्यंत ताणू नका, त्याने पुढच्या रविवारी स्थानिक माणसाची बोली लहान वाटते. विकत घेतलेली कोंबडी एखाद्या आजीच्या हातात द्यायची. कुणी बाजूला घेऊन फी, औषध, छप्पर यासाठी पैसे मागितले तर खिशात हात घालू नका, गटप्रमुखाकडे पाठवा. मदत करायची ती मंडळीच्या कमिटीसमोर, पावती घेऊन. एकदा एकाला गुपचूप दिले की सोमवारी सकाळी दारात रांग लागते, आणि पाळकांना वर्षभर त्याची उत्तरं द्यावी लागतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी यजमानांबरोबर तासभर बसा. ‘कार्यक्रम ठीक आहे ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ असंच येणार, पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. त्याऐवजी पत्रिका पुढे ठेवून विचारा, ‘या सहांपैकी दोन काढायचे, कुठले काढू?’ मग खरं बाहेर येतं: शाळेत परीक्षा आहे, त्या वस्तीत कालच मयत झालं, मैदानातल्या सभेसाठी पोलिसांकडचं पत्र अजून मिळालेलं नाही. काढलेले दोन कुठले ते त्यांच्यासमोरच खोडा, उरलेल्यांच्या वेळा दोन्ही पद्धतींनी लिहा आणि ड्रायव्हरला एक प्रत द्या.